नर्सिंगच्या मुलांना पेशंट सेफ्टी पाठ असते, मग वॉर्डात तोंड का उघडत नाही?

हरिपूर_रोड

मी सांगलीत नर्सिंग शिकवते. वर्ग घेते आणि मुलामुलींबरोबर वॉर्डातही उभी असते. इथे स्टाफ सिस्टर आहेत, विद्यार्थी आहेत, नातेवाईक म्हणून दवाखान्यात रात्री काढलेले लोकही आहेत. म्हणून विषय इथेच मांडते.

आमच्या मुलांना पेशंट सेफ्टी माहीत नाही असं कुणी म्हणू नये. सहा आंतरराष्ट्रीय उद्दिष्टं विचारा, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पेशंटची ओळख, निरोपाची देवाणघेवाण, धोक्याची औषधं, योग्य पेशंटची योग्य शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग, पेशंट पडणं. हात कधी धुवायचे ते पाच क्षण पाठ. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी ४० ते ६० सेकंद, हेही पाठ. २०२१ पासून बीएस्सीला सेमिस्टरचा अभ्यासक्रम आला, त्यात तिसऱ्या सेमिस्टरला सूक्ष्मजीवशास्त्राला जोडून जंतुसंसर्ग नियंत्रण आणि सुरक्षितता आलेली आहे. १७ सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिन असतो, त्याची पोस्टरं मुलं मनापासून करतात. पहिल्या वर्षाच्या मुलीला विचारा, पेशंटला इजा होऊ नये ही जबाबदारी कुणाची? ती म्हणेल, माझी. आणि ती खरं बोलत असते.

आता वॉर्डात या. बायकांचा मेडिसिन वॉर्ड, सकाळच्या औषधांची वेळ. एकाच ओळीत दोन पाटील. आपल्या भागात हे रोजचंच आहे. पाटील, जाधव, कांबळे, माळी, शेख, एका वॉर्डात तीन-तीन सापडतात. त्यातल्या एक आजी कर्नाटकातल्या अथणीकडच्या, मराठी जेमतेम. विद्यार्थिनी ट्रे घेऊन गेली आणि म्हणाली, "पाटील आजी ना तुम्ही?" आजी म्हणाल्या, "हूं." त्या प्रत्येक प्रश्नाला हूंच म्हणत होत्या. ट्रेमधलं इंजेक्शन दुसऱ्या पाटलांचं होतं. सिरिंज इंट्राकॅथला, म्हणजे शिरेत बसवलेल्या नळीला, लागणार एवढ्यात इन्चार्ज सिस्टरांची नजर केस पेपरवरच्या नंबरकडे गेली आणि त्यांनी हात धरला. आजींना काही झालं नाही.

माझं लक्ष मात्र शेजारच्या कॉटवर बीपी घेणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थिनीकडे होतं. तिने त्या आजींचा कालच हिस्ट्री पेपर लिहिला होता. इंजेक्शन त्यांचं नाही हे तिला कळलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. नंतर बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, सिस्टर तिथेच होत्या ना. त्यांच्यासमोर मी कसं बोलणार?"

तो प्रसंग कुठेही लिहिला गेला नाही. घडता घडता राहिलं, म्हणजे घडलंच नाही, असा हिशेब झाला. खरं तर लिहून ठेवायला यापेक्षा चांगला प्रसंग नव्हता. कुणाला इजा नाही, कुणावर केस नाही, आणि शिकायला सगळं हाताशी. 'तुम्ही पाटील ना?' विचारायचं नाही, 'तुमचं पूर्ण नाव सांगा' म्हणायचं, आणि नावाबरोबर आयपीडी नंबर (पेशंट दाखल होताना मिळतो तो) ताडायचा, कॉट नंबर नाही, हे त्या एका सकाळी वॉर्डातल्या प्रत्येकाच्या डोक्यात पक्कं बसलं असतं. पण ट्रेवालीला दोन शब्द ऐकावे लागले, ती संध्याकाळपर्यंत रडली, आणि बाकीच्यांनी धडा घेतला तो भलताच: नजरेत यायचं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुलांची वृत्ती वर्गात बिघडत नाही आणि वर्गात सुधारतही नाही. वॉर्डात कुणीतरी पहिल्यांदा तोंड उघडतं, त्यानंतर तिच्याशी लोक कसे वागतात, ते बघून वृत्ती ठरते. आम्ही शिक्षक पाठांतर तपासतो आणि समजतो जाणीव आली.

तुमचा अनुभव सांगा. विरोधात असेल तर आधी सांगा.

थर्ड_इयर_जीएनएम

मॅडम, तुम्ही लिहिलंय ते शंभर टक्के खरं आहे. मी तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजचं नाव सांगत नाही.

आम्ही बोललो तर काय होतं ते सांगते. पहिलं वाक्य, "तू मला शिकवणार का?" दुसरं, "तुमच्या मॅडमना सांगते थांब." मग प्रोसीजर बुकवर, म्हणजे वॉर्डात केलेल्या कामांच्या वहीवर, सही मिळायला फेऱ्या. सही नाही तर पोस्टिंग पूर्ण नाही, पोस्टिंग पूर्ण नाही तर परीक्षेचा फॉर्म अडतो. आम्ही गावाकडून आलेल्या मुली, घरी वडिलांनी फी कशी भरलीय ते माहीत असतं. एवढा हिशेब डोक्यात असताना तोंडातून शब्द येत नाही.

दुसरी गोष्ट पेशंटची नाही, आमची आहे, पण याच विषयातली आहे. आमच्या बॅचमधल्या एकीला सुई टोचली. सुईला टोपण परत लावताना. टोपण लावायचं नाही, सुई थेट पांढऱ्या डब्यात टाकायची, हे तिला माहीत होतं. डबा वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि हातात ट्रे होता. तिने कुणाला सांगितलंच नाही. का? तर "टोपण लावायला कुणी सांगितलं होतं" हा प्रश्न येणार म्हणून. रात्री हॉस्टेलवर रडत मला सांगितलं, तेव्हा आम्ही दोघी मिळून वॉर्डनकडे गेलो. पुढे सगळं नीट झालं. पण ती मुलगी एड्सच्या भीतीपेक्षा ओरडा खाण्याला जास्त घाबरली होती, हे मला अजून पटत नाही.

हरिपूर_रोड

@थर्ड_इयर_जीएनएम, तू तिला घेऊन गेलीस हे फार मोठं काम केलंस.

इथे वाचणाऱ्या सगळ्या विद्यार्थ्यांसाठी लिहून ठेवते. सुई टोचली तर जागा पिळायची नाही, चोखायची नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची आणि लगेच सांगायचं. एचआयव्ही प्रतिबंधक औषध लागणार असेल तर ते शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं लागतं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. रात्रभर विचार करायला वेळच नसतो. आणि हिपॅटायटिस बी ची लस तीन डोसांची, ०, १ आणि ६ महिन्यांची. वॉर्ड पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी ती सुरू झालीच पाहिजे. तुमच्या कॉलेजने दिली नसेल तर मागा. हे मागणं उद्धटपणा नाही.

नाईट_ड्युटी

मी मिरजेत स्टाफ आहे, बरीच वर्षं झाली. वरचं सगळं वाचून राग आला, पण राग बाजूला ठेवून लिहिते.

मॅडम, तुमच्या धाग्यात इन्चार्ज सिस्टरांनी हात धरला म्हणून आजी वाचल्या. हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि पुढे गेलात. ती नजर कुठून आली? रोज तोच वॉर्ड, तीच धावपळ, आणि तरी केस पेपर बघायची सवय सुटू दिली नाही म्हणून आली. तिचं कौतुक कुणी केलं का?

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषात जनरल वॉर्डाला शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक नर्स, इतर ठिकाणी पाच पेशंटमागे एक. आता रात्री या आमच्याकडे. चाळीस कॉट भरलेले, दोन कॉटच्या मध्ये खाली गादी टाकलेले वेगळे, आणि आम्ही दोघी. त्यातली एक ऑपरेशनहून आलेल्या पेशंटजवळ अडकलेली. विद्यार्थी असतात तेव्हा दिवसा वीस असतात, दुपारी बस आली की एकही नसतो. काही मुलं फार गुणी असतात. काही खिडकीजवळ मोबाईल घेऊन उभी असतात, हेही लिहायला पाहिजे. आणि कमी स्टाफ म्हणून मुलांना कामाला जुंपलं जातं, तेही लिहायला पाहिजे. शिकायला आलेली मुलगी एकटी औषधाचा ट्रे घेऊन का फिरत होती? तिच्याबरोबर कोण होतं? हा प्रश्न ट्रेवालीला विचारायचा नाही, आम्हाला आणि तुम्हाला विचारायचा.

आता फॉर्मचं. तुम्ही म्हणता प्रसंग लिहिला गेला नाही. मी सांगते का लिहिला जात नाही. एकेकाळी मी जिथे होते तिथे असा फॉर्म होता. इंग्रजीत, तीन पानांचा, आणि ऑफिसच्या कपाटात कुलूप लावून. एका सिस्टरने प्रामाणिकपणे भरला, पेशंट कॉटवरून पडल्याचा. आठवड्यात तिच्या हातात मेमो. कॉटची साइड रेल मोडलेली होती, ते तिने फॉर्ममध्ये लिहिलं होतं, आधी दोनदा तक्रार केल्याचंही लिहिलं होतं. मेमोत त्यातलं काही नव्हतं, फक्त निष्काळजीपणा. त्यानंतर तिथे कुणी फॉर्म मागितला नाही. मग आम्ही मुलांवर का ओरडतो? कारण आमच्यावर वरून तेच येतं. हे समर्थन नाही, पण मूळ तिथे आहे.

ओपीडी_नऊ

नाईट_ड्युटी सिस्टरांच्या शेवटच्या परिच्छेदाला मनापासून अनुमोदन. मी डॉक्टर आहे, सर्जरीत.

जेम्स रीझन नावाचे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ होते. त्यांनी २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छोटा लेख लिहिला. चुकीकडे बघायच्या दोन तऱ्हा आहेत: एकीत माणूस शोधतात, दुसरीत व्यवस्था तपासतात. पहिली सोपी असते, समाधानही लगेच मिळतं, पण तीच चूक दुसऱ्या माणसाकडून पुन्हा होते, कारण मोडकी रेल तशीच असते. मेमो म्हणजे पहिली तऱ्हा. विद्यार्थ्यांना हा फरक पहिल्या वर्षीच शिकवला पाहिजे, नाहीतर प्रत्येक चूक ही आपली लायकी नसल्याचा पुरावा आहे असं त्यांना वाटत राहतं.

ऑपरेशन थिएटरमधला एक अनुभव सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट आहे, १९ मुद्द्यांची. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट थिएटरबाहेर नेण्याआधी, अशा तीन टप्प्यांत वाचायची. २००९ साली आठ देशांतल्या आठ रुग्णालयांतला अभ्यास आला, त्यात दिल्लीचंही एक होतं. मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ वर आल्या, मृत्यू १.५ वरून ०.८ वर. लोकांना वाटतं हे कागदावर टिक केल्यामुळे झालं. मला त्यातला एक मुद्दा फार मोलाचा वाटतो: चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं. बहुतेक ठिकाणी हाच मुद्दा गाळतात, वेळ जातो म्हणून. आमच्या युनिटमध्ये विद्यार्थिनीलाही सांगायला लावतो. "मी अमुक, दुसरं वर्ष, स्क्रबला मदत करते आहे." ज्या खोलीत तुमचा आवाज एकदा निघाला, तिथे दुसऱ्यांदा काढणं सोपं जातं. अशीच एक मुलगी हळूच म्हणाली होती, "सर, मॉप एक कमी येतोय." मॉप म्हणजे रक्त टिपायचं कापड. मोजणी पुन्हा झाली. मॉप पेशंटवर अंथरलेल्या ड्रेपच्या घडीत सापडला, पोटात नव्हता. तिला वाटलं आपण उगाच वेळ घालवला. मी सगळ्यांसमोर तिचे आभार मानले. पुढच्या वेळी तिने आधीपेक्षा मोठ्या आवाजात सांगावं, एवढाच हेतू.

मार्केट_यार्ड

मी फार्मासिस्ट. वृत्ती वगैरे तुम्ही बोला, मी दोन वस्तूंबद्दल सांगतो. या दोन वस्तू प्रत्येक विद्यार्थ्याने हातात घेऊन बघितल्या पाहिजेत, पुस्तकात वाचून भागत नाही.

पहिली इन्सुलिनची सिरिंज. आपल्याकडे नेहमीच्या बाटलीत एका मिलीत ४० युनिट असतात, तिची सिरिंज लाल टोपणाची. पेनमधल्या काट्रिज आणि काही बाटल्या एका मिलीत १०० युनिटच्या, त्यांची सिरिंज केशरी टोपणाची. आता १०० च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत ओढलं, तर आत गेलं किती? अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट. अडीचपट. उलटं केलं, ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजने २० ची रेघ गाठली, तर गेलं फक्त ८. पहिल्यात साखर घसरून पेशंट बेशुद्ध, दुसऱ्यात साखर उतरतच नाही आणि डॉक्टर डोस वाढवत बसतात. लाल आणि केशरी, रात्रीच्या ट्यूबलाइटखाली शेजारी ठेवून बघा. म्हणून बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दोन्ही मोठ्याने वाचायचे, शेजारी कुणी असो नसो.

दुसरी पोटॅशियम क्लोराइडची १० मिलीची अँप्युल. बिनरंगी पाणी. इंजेक्शन विरघळवायला वापरतो त्या स्टराइल वॉटरची अँप्युलही १० मिलीची, तीही बिनरंगी. एकाच ट्रेमध्ये दोन्ही पडल्या असतील तर काय होऊ शकतं ते लिहायची गरज नाही. पोटॅशियम सलाईनमध्ये मिसळून हळूहळूच द्यायचं, थेट शिरेत कधीच नाही, हृदय थांबतं. ती अँप्युल वॉर्डाच्या सर्वसाधारण कपाटात नसावी, वेगळी, कुलपात, लाल लेबल लावून असावी. तुमच्या वॉर्डात ती कुठे ठेवलीय, उद्या जाऊन बघा.

आणि औषधाची रिअॅक्शन आली तर विद्यार्थी समजतात की कळवणं हे डॉक्टरांचं काम. तसं नाही. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा केंद्र सरकारचा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, नर्ससुद्धा कळवू शकते. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. कळवणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात.

जतचा_गडी

मी काय दवाखान्यातला माणूस न्हाई. आईला घेऊन मिरजेत बरेच दिवस काढले, म्हणून लिहितो.

मला एक विचारायचं हाय. तिथं एक पोरगी यायची, शिकाऊ असणार, पांढरा एप्रन. ती दर वेळी आईला नाव विचारायची. सकाळी विचारलं, दुपारी विचारलं, रात्री परत. चौथ्या दिवशी मी चिडलो, म्हणलो, "ताई, रोज बघताय की, नाव इसरताय का?" ती गप्प बसली, पण तरी नाव विचारूनच गोळी दिली. आज हा धागा वाचल्यावर कळलं ती काय करत हुती. कुठं असंल तिथं सुखी राहू दे.

माझा प्रश्न असा की हे आम्हाला कुणी सांगत का न्हाई? भिंतीवर नुसतं "शांतता राखा" आणि "थुंकू नये". "नाव परत परत विचारलं तर रागावू नका, तुमच्याच जिवासाठी हाय", असं मराठीत आणि कन्नडमध्ये लिवलं तर आम्ही काय अडाणी न्हाई. आणि रातच्याला आई एकटी उठून मोरीकडं जायची. मी कॉटखाली झोपलेला. उठवायला लाजायची. पडली असती तर? तेबी कुणी सांगितलं न्हवतं.

ब्रदर_वारणाकाठ

जतच्या भाऊंचा मुद्दा लाखाचा आहे. ओळख विचारणारी मुलगी आणि चिडणारा नातेवाईक, दोघेही पेशंटच्या बाजूचे, पण एकमेकांना माहीत नाही.

ओळखीवरून आठवलं. २०१९ च्या महापुरात सांगलीत पाणी चढलं तेव्हा आम्हाला पेशंट दुसरीकडे हलवावे लागले. फाइली एका गाडीत, पेशंट दुसऱ्या गाडीत, नातेवाईक कुठे ते देवाला ठाऊक. आमच्या एका वयस्कर सिस्टरांनी स्टिकिंग प्लास्टरचे तुकडे कापले, प्रत्येक पेशंटच्या मनगटावर चिकटवले, बॉलपेनने नाव, वय, आजार आणि कशाची अॅलर्जी ते लिहिलं. विद्यार्थ्यांना हेच काम वाटून दिलं. पावसात बॉलपेनची शाई पुसेल म्हणून वरून पारदर्शक टेप लावायची कल्पना एका फर्स्ट इयरच्या मुलाची. त्याने विचारलं, सिस्टर म्हणाल्या, "कर." एका शब्दात झालं. मॅडम म्हणतात ते वातावरण म्हणजे हेच असावं.

दुसरी गोष्ट, फोनवरच्या ऑर्डरी. आमची बहुतेक मुलं मराठी माध्यमातली. रात्री डॉक्टर फोनवर इंग्रजीत फिफ्टीन म्हणाले की फिफ्टी, हे गोंगाटात कळत नाही, आणि परत विचारायची लाज वाटते. विचारायचं. आकडा सुटा करून परत म्हणायचा, "सर, वन फाइव्ह, पंधरा ना?" त्यांनी हो म्हटलं की लिहायचं, आणि सकाळी सही घ्यायची. एवढं केलं तरी कुणाला आपलं इंग्रजी कच्चं वाटत नाही. उलट डॉक्टर निश्चिंत होतात.

मस्कतवाली

मूळची विट्याची, सध्या मस्कतला. इकडे काही मी सांगणार नाही की परदेशात सगळं छान. इथेही नोकरीची भीती असते, घरापासून लांब असल्यामुळे जास्तच. एक फरक मात्र जाणवतो. घटना कळवायची ती कॉम्प्युटरवर, नाव न देताही चालतं, आणि पुढच्या मीटिंगमध्ये त्या घटनेमुळे काय बदललं ते सांगतात. औषधाचं कपाट हलवलं, लेबल बदललं, असं काहीतरी. कळवलं आणि काही झालंच नाही, असं दोनदा झालं की माणूस तिसऱ्यांदा कळवत नाही. शिक्षा थांबवणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं हे.

बीएस्सी_फोर्थ

मॅडम, आमच्या ग्रुपचा रिसर्च प्रोजेक्ट याच विषयावर आहे: विद्यार्थ्यांचं ज्ञान आणि दृष्टिकोन. प्रश्नावली तयार आहे. दृष्टिकोनाच्या भागात "चूक झाल्यास ती कळवणे आवश्यक आहे" अशी वाक्यं आहेत, आणि पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत असे पाच पर्याय. चाचणीसाठी काही जणींकडून भरून घेतली तर सगळ्यांनी पूर्ण सहमतवर टिक केलं. गाइड म्हणतात छान निकाल येईल. पण हा धागा वाचून वाटायला लागलंय की आम्ही भलतंच मोजतोय.

हरिपूर_रोड

@बीएस्सी_फोर्थ, तुझी शंका बरोबर आहे. त्या वाक्याला असहमत कोण म्हणेल? उत्तर काय अपेक्षित आहे ते प्रश्नातच लिहिलंय. गाइडना विचारून काही प्रसंग घाल. "स्टाफ सिस्टर हात न धुता ड्रेसिंग सुरू करत आहेत. तुम्ही बाजूला उभ्या आहात. तुम्ही काय कराल?" आणि पर्यायांत खरे पर्याय ठेव: काही बोलणार नाही, नंतर मैत्रिणीला सांगेन, ट्युटरना सांगेन, तिथेच सॅनिटायझरची बाटली पुढे करेन. त्यानंतर विचार, "गेल्या पोस्टिंगमध्ये असं काही दिसलं तेव्हा प्रत्यक्षात काय केलं?" या दोन उत्तरांतलं अंतर हाच तुमचा निकाल. पहिल्या वर्षाची आणि चौथ्या वर्षाची मुलं वेगळी मांड. चौथ्या वर्षाची जास्त गप्प निघाली तर तेही धीराने लिही. आणि कागदावर नाव, रोल नंबर काही नको, गोळा करायलाही कॉलेजचं कुणी नको.

@नाईट_ड्युटी सिस्टर, तुम्ही रागावलात ते योग्यच होतं. हात धरणाऱ्या सिस्टरांवर मी जास्त लिहायला हवं होतं. ट्रे घेऊन मुलगी एकटी का फिरत होती, हा प्रश्नही तुम्ही बरोबर जागी ठेवलात. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलीने औषध द्यायचं ते स्टाफ किंवा ट्युटर शेजारी असतानाच, यावर आमच्या बाजूने ठाम राहायला पाहिजे, वॉर्डात कितीही ओढाताण असली तरी. मुलं म्हणजे फुकटची माणसं नाहीत.

एक गोष्ट करून बघायची आहे, त्यावर तुमचं मत हवंय. पोस्टिंग संपल्यावर बस यायच्या आधी दहा मिनिटं बसायचं. प्रत्येकाने आज काय चुकता चुकता राहिलं ते सांगायचं, स्वतःचं किंवा बघितलेलं, माणसाचं नाव न घेता. मराठीत. ट्युटरने त्यावर मार्क द्यायचे नाहीत, कापायचे नाहीत, प्रोसीजर बुकात लिहायचं नाही. महिन्याला त्यातल्या दोन-तीन गोष्टी इन्चार्ज सिस्टरांसमोर ठेवायच्या, 'कुणी केलं' सोडून 'कुठे अडलं' एवढंच. डबा लांब आहे, रेल मोडलीय, दोन पाटील शेजारी आहेत.

नाईट_ड्युटी

मार्क नको म्हणता ते बरोबर. पण नाव न घेता सांगितलं तरी वॉर्ड लहान असतो, कोण ते सगळ्यांना कळतं. म्हणून इन्चार्जसमोर ठेवायच्या आधी तुम्ही एकदा त्यांच्याबरोबर चहा घ्या, आणि पहिल्या खेपेला वॉर्डात काय चांगलं बघितलं तेही मुलांकडून सांगून घ्या. आमचं कुणी चांगलं बोलत नाही, त्यामुळे मुलं बसून चर्चा करतायत म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. आणि दुपारच्या स्टाफचा ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना चार्ज देणं-घेणं, चालू असताना बसू नका. त्या वेळेला पेशंटचे निरोप इकडून तिकडे होत असतात, तेव्हा मुलांनी तिथेच उभं राहून ऐकावं. पोस्टिंगचं निम्मं शिक्षण ओव्हरमध्ये असतं आणि नेमकी तेव्हाच तुमची बस येते. बसची वेळ अर्धा तास पुढे ढकला, हे कॉलेजला सांगा.

दोन पाटलांचं आमच्याकडे आम्ही असं करतो: एका नावाचे दोन पेशंट आले की एकाला दुसऱ्या ओळीत हलवतो, आणि दोघांच्या केस पेपरवर वरच्या कोपऱ्यात लाल पेनने "नावसाधर्म्य" लिहितो. खर्च काही नाही.

जतच्या भाऊ, तुमची पाटी मी आमच्या इन्चार्जना सांगितली आहे. कन्नड लिहिणाऱ्या मावशी आमच्याच वॉर्डात आहेत. तोवर एवढं करा: औषध द्यायला कुणी आलं की स्वतःहून आईचं पूर्ण नाव सांगा आणि विचारा, हे कशाचं आहे? रात्री कॉटखाली झोपताना आईच्या हाताशी तुमच्या चादरीचं टोक द्या, ओढलं की तुम्ही जागे.

थर्ड_इयर_जीएनएम

सिस्टर, तुम्हालाच विचारते, कारण तुम्ही खरं सांगाल. उद्या तुमच्याच वॉर्डात मी आहे असं धरा. तुम्ही इंजेक्शन भरताय आणि मला वाटतंय की बाटली चुकीची आहे. माझी खात्री नाही, नुसतं वाटतंय. नातेवाईक समोर आहेत. मी नेमकं काय बोलू म्हणजे तुम्हाला अपमान वाटणार नाही?

नाईट_ड्युटी

"सिस्टर, एक मिनिट, मला लेबल दाखवता का?"

एवढंच. शिकायला आलेली मुलगी लेबल बघायला मागते, यात नातेवाईकांना काही वावगं दिसत नाही आणि माझाही हात थांबतो. मी दाखवलं आणि बरोबर निघालं, तर तू लेबल वाचायला शिकलीस. चुकीचं निघालं तर मी ठेवून देईन. मी ऐकलं नाही आणि तुला अजूनही वाटत असेल तर पुन्हा म्हण, या वेळी औषधाचं नाव घेऊन: "सिस्टर, केस पेपरवर अमुक आहे, हे तमुक दिसतंय." तरीही हात थांबला नाही तर सरळ इन्चार्जना हाक मार, मोठ्याने. त्यानंतर मी चिडेन, कदाचित दिवसभर बोलणार नाही. ते तू सोसायचं, आणि तुझ्या मॅडमनी तुझ्या पाठीशी उभं राहायचं. खात्री असायला पाहिजे असं मुळीच नाही, नुसतं वाटलं तरी पुरे.

हरिपूर_रोड

मी उभी राहीन. सिस्टर, हे वाक्य उद्या वर्गात मुलांकडून जोड्या लावून म्हणून घेते, एक स्टाफ, एक विद्यार्थी. तुमची सुट्टी असेल त्या दिवशी स्टाफचं काम करायला तुम्हीच याल का? खरा राग त्यांना ऐकायची सवय व्हायला हवी.

नाईट_ड्युटी

गुरुवारी नाईट ऑफ आहे. अकरा वाजता येते.